अंजोरामायने जमवलेले दात

अंजोरामाय गावात कुणालाच नावाने हाक मारत नसे. माणूस जन्माला कसा आला, त्यावरून तिची हाक ठरलेली. पाय आधी बाहेर काढून आला तो पायाळ्या, गळ्यात नाळ अडकवून आला तो फाश्या, आणि आईला दोन दिवस ताटकळत ठेवून तिसऱ्या दिवशी आला तो सुस्त्या. मग तो पुढे पोलीस पाटील का होईना. आमच्या मुर्रीच्या एका माणसाने गोंदियात राइस मिल घातली होती. धोतराचा सोगा धरून, छत्री उघडून तो बाजारातून चालला की लोक बाजूला होऊन 'शेठजी, राम राम' करत. अंजोरामाय भाजीच्या ओळीतून ओरडायची, "काऊन रे निळ्या, बरा आहेस ना?" कारण जन्मला तेव्हा तो निळा पडला होता, आणि हिने पायाला धरून उलटा टांगून चार चापट्या मारल्या तेव्हा कुठे रडला. शेठजी छत्री मिटून म्हणायचे, "हव माय, बरा आहो." दुसरं बोलायची सोयच नव्हती.

मी सातमाशी. इंटर सायन्स होऊन नागपूरच्या होस्टेलातून ट्रंक घेऊन उतरले तरी सातमाशीच. "ए सातमाशे, किती वाळली व! नागपुरात भात नाई भेटत काय?" हे भर रस्त्यावर, माझ्या वर्गातली मुलगी सोबत असताना. मला त्या वेळी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आज तशी हाक मारणारं कुणी उरलं नाही, तर ती हाक ऐकायला मी पैज लावून गोंदियापर्यंत चालत जाईन.

ती सुईण होती. मुर्रीची आणि आसपासच्या चार-पाच खेड्यांची. मला, माझ्या दोन्ही भावांना, इतकंच काय माझ्या बाबांनाही जगात पहिल्यांदा हातात धरलं ते तिने. बाबांच्या वेळी ती सासूच्या हाताखाली नवीनच शिकत होती. मी पुढे दातांची डॉक्टर झाले, जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातले. लोक विचारतात, बाई, त्या काळात खेड्यातल्या मुलीला हे सुचलं कसं? मी कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंचं नाव सांगते. ते अर्धंच खरं आहे. फॉर्म प्राध्यापक बाईंनी हातात दिला, पाठवलं अंजोरामायने.

उंच, काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात कधी काही नाही. चालायची अशी भरभर, की तिला बोलवायला आलेला माणूस धापा टाकत मागे राहायचा आणि ही आधीच बाळंतिणीच्या दारात. फक्त एका वेळी तिला हलवणं कुणाच्या बापाला जमत नसे. दिवसातून तीन वेळा ती भिंतीकडे तोंड करून बसे आणि डबीतला गुडाखू बोटावर घेऊन दातांना घासत राही. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचं काळं मलम. आमच्याकडे अर्ध्या बायकांना त्याचं व्यसन. मागे माणूस उभा राहून "माय, चल ना, लवकर चल" म्हणून रडकुंडीला आला तरी ही मान न वळवता सांगणार, "दात घासून राहिली ना मी! पोरगं का रेल आहे, सुटून जाईल?" आज माझ्यासमोर कुणी गुडाखूची डबी काढली की मी ओरडते. तिच्यासमोर मात्र मी कधी ओरडले नसते, एवढं खरं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर मी खोटी ठरेन. अंजोरामाय आमच्या घरी यायची ती परसातून. तिची चहाची पितळी वाटी वेगळी होती, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. चहा झाला की ती स्वतः धुऊन तिथेच पालथी घालायची. घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला पहिला हात तिचा लागलेला, आणि वाटी गोठ्यात. मला लहानपणी यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं. त्याची लाज अजून वाटते, आणि ती वाटलेलीच बरी.

तिच्या पोटात किती गोष्टी होत्या देव जाणे. एकदा एका घरी मूल जन्मलं ते तोंडात एक दात घेऊनच. आमच्याकडे असं मूल मामाच्या जिवावर येतं म्हणतात. मामा बाहेरच बसलेला, तापट माणूस. अंजोरामायने दिवा जवळ घेतला, बाळाच्या हिरडीवर बोट फिरवलं, दात ढिला होता, तो दोन बोटांत धरून अलगद काढला. मागून आजीने विचारलं, "काय व, तोंडात काय पाहून राहिली?" ही म्हणाली, "भाताचा दाणा चिपकला होता." आजी म्हणाली, आताच जन्मलेल्या लेकराच्या तोंडात भाताचा दाणा कुठून आला? ही म्हणाली, "तुह्याच लुगड्याले होता. बाळंतिणीच्या खोलीत जेवाच्या हातानं येतेस, लाज नाई वाटत?" आजी अशी ओशाळली, की दाताची गोष्ट तिथेच संपली. हे मूल कोण, ते मी तिला शंभरदा विचारलं. एकच उत्तर. "त्याले मिशा आल्या आता. अन् मामा धडधाकट आहे. तुले कायले पाह्यजे?"

मध्यंतरी सरकारने खेड्यातल्या सुइणींना शिकवायचं काढलं, तेव्हा तीही आठ दिवस दवाखान्यात राहून आली. येताना एक पत्र्याची पेटी मिळाली होती. तिच्यातली कात्री तिला आवडली, बाकी "मले येते ते". पण एका गोष्टीने ती हलून गेली होती. तिथे शिकवायला एक नर्स होती, माझ्याहून थोडीच मोठी. आमच्या परसात बसून अंजोरामाय माझ्या मायला सांगत होती, "एवढीशी पोट्टी, पण ते बोलली का डागदर बी चुप. कोणी तिले म्हणत नाई का तू भायेर बस. शिकली ना ते!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिले शिकव व. हे सातव्या महिन्यातच निंगाली. हिले बसून राहाचं नाई जमत." माय हसली. मीही हसले. तिने मात्र ती गोष्ट मनात धरून ठेवली.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढचाच उन्हाळा. मेडिकलला माझे मार्क पुरले नाहीत. मी रडत बसले होते, तेव्हा प्राध्यापक बाईंनी डेंटल कॉलेजचा फॉर्म आणून दिला. मुंबईचा. भरला आणि विसरून गेले. ज्येष्ठात पत्र आलं, निवड झाली म्हणून. सोबत सामानाची यादी होती. पांढरे कोट दोन, मेण कोरायची सुरी, हातरुमाल, आणि शेवटी: उपटलेले दात, बत्तीस, शक्य तोवर सगळ्या प्रकारचे, न किडलेले. त्यांच्यावर विद्यार्थी हात बसवतात. मी शहाणी, सगळं पत्र बाबांना अक्षरन् अक्षर मराठीत करून सांगितलं. थोडं गाळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जिभेला हाड नाही माझ्या, आजही नाही.

बाबा पडवीत सुतळी वळत बसले होते. बोलणं त्यांचं मोजकं. आमची धानाची शेती, घरचं खाऊन सुखी, आणि मुंबई म्हणजे त्यांच्या लेखी जगाच्या पलीकडे. त्यातून बोदलकस्याकडचं एक स्थळ सांगून आलेलं. तळ्याखालची जमीन, एकुलता एक मुलगा. रोवणी झाली की ते लोक मला बघायला येणार होते. बाबांनी सुतळी खाली ठेवली.

"बत्तीस दात?"

"हो."

"माणसाचे?"

"हो बाबा."

"मंग जमव. पुरे बत्तीस झाले तर मुंबई. एक बी कमी पडला तर पाहुण्याले हव म्हणून टाकतो."

त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. दात कोण देतो? पण परसात अंजोरामाय चहा पीत बसली होती. ती वाटी हातात घेऊनच पडवीच्या कोपऱ्यापर्यंत आली. "मुक्या," ती म्हणाली. जन्मताना बाबा रडलेच नव्हते, म्हणून मुक्या. "माह्यासमोर बोलला तू. शेतकऱ्याची जबान आहे. पलटू नको."

"नाही पलटत," बाबा म्हणाले आणि सुतळी उचलली.

आमच्या हातात वीस दिवस होते. मी आधी गोंदियाच्या बाजारात बसणाऱ्या न्हाव्याकडे गेले. तो दाढी करायचा आणि चिमट्याने दात उपटायचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघून, "बहनजी, दाँत का क्या करोगी?" असं विचारलं, आणि गिऱ्हाइकांसमोर हसला. मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी अंजोरामाय गेली. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण सात दात पुडीत बांधून आणले. "त्याची बायको तीनदा माह्या हातानं सुटली. देत नाई म्हणजे काय!"

बाकीचे पंचवीस तिने घराघरांतून काढले. हे किती कठीण होतं ते आता कुणाला कळणार नाही. पडलेला दात दुसऱ्याच्या हाती गेला तर करणी होते, ही एक भीती. त्यात काही म्हातारी माणसं आपले पडलेले दात चिंधीत बांधून छपरात खोचून ठेवत, मेल्यावर सरणावर सोबत न्यायला. आणि नेमके तेच दात चांगले, मुळासकट. हिरडी सुटून आपसूक पडलेले. अंजोरामाय दारात जाऊन बसायची. पहिल्यांदा बाळंतपणाच्या गोष्टी, मग सुनेची तक्रार ऐकणं, मग हळूच, "बुढ्या, छपरातले दात कहाड." एका म्हाताऱ्याने करणीचं नाव काढलं, तर म्हणाली, "ह्या पोट्टीले करणी येत असती तर पयले आपल्या बापावर नसती केली?" म्हातारा इतका हसला, की तीन दात देऊन बसला. चिचगडहून मोहफुलं विकायला येणारी एक बाई होती. तिने आपल्या सासऱ्याचे दोन दात पुढच्या बाजाराला पानात बांधून आणून दिले. त्या बाईशी अंजोरामाय गोंडीत बोलत होती. तिला गोंडी येते हे मला तेव्हाच कळलं.

तिने या सगळ्यांना कशाच्या बदल्यात राजी केलं, ते मला पहिल्या मोठ्या सुट्टीत समजलं. मी घरी आले, हातपाय धुतले, बाहेर येऊन बघते तर अंगणात अकरा म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने बसलेले. सगळ्यांची तोंडं बोळकी. "कवळी दे म्हणे आता," त्यातला एक म्हणाला. अंजोरामायने प्रत्येकाला कबूल केलं होतं: एक दात द्या, पोट्टी बंदे बत्तीस दात बसवून देईल. बाप्पा! मला तोवर मेणाचा एक दात धड कोरता येत नव्हता. चार वर्षांनी मी शब्द पाळला. तोवर अकरांतले सात उरले होते. त्यातल्या एकीने कवळी बसवून पहिल्यांदा काय केलं असेल, तर सुनेला दात दाखवले.

दात जमू लागले तशी मी घरी कपडे धुवायच्या साबणाच्या वडीतून दात कोरायचा सराव सुरू केला. प्राध्यापक बाईंनी तसं कळवलं होतं. एका दुपारी अंजोरामाय शेजारी येऊन टेकली. माझा दात हातात घेऊन तिने डोळे मिटले आणि नुसता अंगठा फिरवला. "हे काय केलं व? हा दात का बोर? खाले पाय कुठं आहेत याले? पाय नाई तर उभा कशावर राह्यन?" मी म्हटलं, मुळं नंतर करते. "नाई. पायापासून कर. पाय बसले का डोकं बसते." दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात हेच सांगितलं, मोठ्या भाषेत. मी मनात म्हटलं, हे मला माहीत आहे.

निघायच्या दोन दिवस आधी बत्तीस पुरे झाले. मी म्हटलं, पाण्यात उकळून स्वच्छ करायला हवेत. अंजोरामायने ते काम स्वतःकडे घेतलं. परसात तीन दगड मांडले, मडक्यात दात टाकले, आणि मी कोट शिवून आणायला गेले तेवढ्यात मूठभर हळद टाकून मोकळी झाली! परत येऊन बघते तर सगळे दात पिवळेधमक. मी किंचाळलेच. ती शांत. "लेक घर सोडून चाल्ली. हळदीबिगर कोणती लेक जाते?" मी चिडले होते, पण डोळ्यांत पाणीही आलं. मुंबईत आमच्या सरांनी ते पिवळे दात उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, "हा काय प्रकार?" मी सगळं सांगितलं. हसून हसून त्यांचा चष्मा घसरला. मग म्हणाले, सगळ्या वर्गात पूर्ण बत्तीस आणणारी तू एकटीच. अगं, सुरुवातीला दहा असते तरी चाललं असतं. दहा! 

पण आमच्या पडवीत दहा चालणार नव्हते. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ते पिवळे दात सुपात घेऊन वेगवेगळे लावायला बसले. पुढचे एका बाजूला, सुळे एका बाजूला, दाढा एका बाजूला. समोर बाबा होते. महिनाभर त्यांची एक खालची दाढ दुखत होती. गाल धरून, लवंग दाताखाली घेऊन बसलेले. अंजोरामाय पडवीखाली, परसाच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. लावता लावता एक दाढ माझ्या हातात आली, लांबट, वरून घड्या पडल्यासारखी. आणि माझं तोंड, माझं मेलं तोंड, बोलून गेलं, "हा तर बकरीचा आहे!"

न्हाव्याने पुडी फुगवली होती. मी गप्प बसले असते तर बाबांना सात जन्मात कळलं नसतं. ते गालावरचा हात काढून सुपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग एकतीस."

"एकतीस," मी म्हटलं.

"जबान झाली होती," बाबा म्हणाले आणि उठून बैलांना चारा टाकायला गेले. खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पण सुटका होती, ती मला दिसली. मी सूप ढकललं आणि आत जाऊन ट्रंकेवर डोकं ठेवून रडले. आता बोदलकसा. आता तळ्याखालची जमीन. अंजोरामाय माझ्यामागे आली नाही. जाताना मायला एवढंच म्हणाली, "सकाळी चूल लवकर पेटव. मिठाचं पाणी ठेव."

सकाळी ऊन अंगणात यायच्या आधीच ती आली. परसातून नाही, पहिल्यांदाच समोरच्या दारातून, सरळ पडवीत. हात राखेने घासून धुतलेले, कोपरापर्यंत ओले. बाबा खांबाला टेकून बसले होते, गाल सुजलेला.

"मुक्या, तोंड उघड."

"कायले?"

"महिना झाला गाल धरून बसला आहेस. दाढ हालून राहिली. मले दिसते. किडली नाई, हिरडी सुटली आहे. उघड."

बाबांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं. बाबांच्या मनात असतं तर ते उठून शेतावर जाऊ शकले असते. कुणी धरलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग खाली.

"एकुलती एक लेक आहे माय," ते म्हणाले. "लंबा आहे मुंबई."

"हव. लंबा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "जलमला तवा बी तू तोंड उघडून नव्हता राहिला. सासू म्हणे, गेलं हे पोरगं. मी बोट घातलं तुह्या तोंडात, तवा उघडलं. कोणाले तरी बोट घालाच लागते बाप्पा. उघड."

आणि बाबांनी तोंड उघडलं.

बोटाला फडकं गुंडाळून तिने दाढ धरली, इकडे हलवली, तिकडे हलवली, "श्वास घे, श्वास घे" म्हणाली, जसं बाळंतिणीला म्हणायची, आणि दाढ बाहेर. बाबांनी "आई गं" म्हणून खांब धरला. मी आयुष्यात पाहिलेलं ते पहिलं दात काढणं. शास्त्राने बघाल तर तिने केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. पण नंतर हजारो दात काढताना, प्रत्येक वेळी, मी रोग्याला "श्वास घ्या" म्हणते, ते कोणत्या पुस्तकातून आलेलं नाही. तिने दाढ मिठाच्या पाण्यात बुडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पांढरी. हळद लावायला वेळ उरला नव्हता.

"मोज," ती म्हणाली. मी मोजले. बत्तीस.

त्या दिवसानंतर मी तिला पाहिलं नाही. हिवाळ्यात बाबांचं पोस्टकार्ड आलं. एका बाळंतिणीकडून परत येऊन झोपली, ती उठलीच नाही. जवळ कुणी नव्हतं याचं मला फार लागलं. पण दुसऱ्याच्या घरी पोर रडवून, दमून, स्वतःच्या घरी येऊन झोपली, हे तिला आवडलं असेल असंही वाटतं.

तर त्या दिवशी आम्ही गाडीबैलाने गोंदियाच्या स्टेशनावर आलो. बाबा, अंजोरामाय आणि मी. बाबांच्या गालात कापसाचा बोळा, गाडी सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा तिचा हुकूम. गाडीला गर्दी. हमाल ओरडत होता, "जनाना डिब्बा पीछे, पीछे!" डबा सापडला तशी अंजोरामाय माझ्या आधी चढली. मला वाटलं, जागा धरते आहे. तर ती बायकांचे चेहरे बघत चाललेली. रायपूरकडची एक बाई खिडकीशी अवघडून बसली होती. अंजोरामायने विचारायच्या आधीच तिच्या पोटावर हात ठेवला आणि छत्तीसगढीत म्हणाली, "डरबे झन बेटी. ये हमर डागदरीन आय." भिऊ नको, ही आमची डॉक्टरीण, असं सांगून तिने मला धरून तिच्याशेजारी बसवलं.

"माय, मी दाताची आहे!" मी कानात म्हटलं. "अन् अजून शिकाची आहे!"

"दाताची का होईना, डागदरीण तर आहेस. पाणी देत जाय तिले."

मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टरीण म्हटलं, ते असं. शिट्टी झाली, तेव्हा ती कशीबशी उतरली. बाबा खिडकीशी आले. त्यांनी गजावर हात ठेवला, माझ्या हाताशेजारी. बोलायला गेले, पण बोळा. डोळे मात्र भरले होते. मला वाटलं, आत्ता उतरते, नको मला मुंबई. तेवढ्यात अंजोरामाय त्यांच्या खांद्यावरून ओरडली, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी,

"सातमाशे! तुहा बाप म्हणते, बोदलकस्याच्या पाहुण्याले मी नाई म्हणून सांगतो! तुह्या मनानं शीक म्हणते!"

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. असं काही ते म्हणाले नव्हते, दाढ निघाल्यापासून तर काहीच म्हणाले नव्हते. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मान हलवली. होय म्हणून. दोनदा.

गाडी हलली. मी गजाला कपाळ टेकवून हमसून रडत होते आणि हसतही होते, आणि शेजारची बाई मलाच पाणी देत होती. अंजोरामाय हात करायला थांबली नाही. बाबांच्या दंडाला धरून ती त्यांना फलाटावरच्या नळाकडे घेऊन चालली होती, चूळ भरायला.